नाचता येईना, क्लच वाकडा

माझे थोरले साडू मिनिॲपोलिसजवळ राहतात. नोकरी सॉफ्टवेअरमध्ये, रक्तदाब काबूत, घराचं कर्ज फिटत आलेलं, दोन्ही मुलं कॉलेजात मार्गी लागलेली. थोडक्यात, काळजी करायला घरात काही शिल्लकच उरलं नव्हतं. ही उणीव त्यांनी एक जुनी स्नोमोबाइल विकत घेऊन भरून काढली.

स्नोमोबाइल म्हणजे पुढे दोन स्की, मागे लांबलचक रबरी ट्रॅक, मध्ये इंजिन आणि वर ‘आज जाऊ नका’ असं घरच्यांनी बजावूनही निघालेला माणूस. मिनेसोटात अशी माणसं गल्लोगल्ली आहेत. त्यांच्यासाठी राज्यात २२,००० मैलांच्या आसपास ट्रेल आहेत आणि त्यातले बहुतेक गावोगावच्या क्लबांची माणसं हौसेनं राखतात. यंत्राचं माहेरही इथलंच. उत्तरेला रोझो नावाच्या चिमुकल्या गावात १९५० च्या दशकात एडगर हेटीन आणि त्यांच्या भागीदारांनी शेतीची अवजारं बनवता बनवता बर्फावर धावणारी गाडी केली. त्यातून पोलारिस कंपनी उभी राहिली. १९६० साली हेटीन अलास्कात हजारावर मैल स्नोमोबाइल हाकून आले, परत आल्यावर कंपनीत खटके उडाले, ते बाहेर पडले आणि जवळच्याच थीफ रिव्हर फॉल्समध्ये त्यांनी नवा संसार थाटला, तीच आर्क्टिक कॅट. पोलारिस मागे त्यांच्या भावाने सांभाळली. दोन भाऊ, दोन कारखाने आणि मध्ये तास-सव्वा तासाचा रस्ता. हे ऐकल्यावर मला मिनेसोटा एकदम आपलं वाटायला लागलं.

तर साडूंच्या ऑफिसातल्या एका मित्राकडेही स्लेड होती. (इकडे स्नोमोबाइल असा लांबलचक शब्द कोणी वापरत नाही, स्लेड म्हणतात.) तीच कंपनी, तेच मॉडेल, तेच वर्ष. गोठलेल्या तळ्यावर दोघं शेजारी शेजारी उभे राहिले, दोघांनी अंगठा दाबला, कारण यात थ्रॉटल अंगठ्यानं दाबायचा असतो, आणि बघता बघता मित्र दोन स्लेडभर पुढे निघून गेला. पुन्हा लावली, पुन्हा तेच. बाजू बदलून लावली, तरी तेच. परतताना साडू गाडीत कोणाशी बोलले नाहीत. घराच्या वळणावर आल्यावर मात्र निकाल दिला.

“क्लचिंग चुकलंय.”

मित्र अंगानं काडी. साडूंचं वजन हा त्यांच्या घरातला गोपनीय दस्तऐवज आहे. पण तो विषय कोणी काढला नाही. मीही नाही. थोरल्या साडूंकडे जेवायला जायचं असतं.

मी पुण्याचा मेकॅनिकल इंजिनिअर. म्हणजे पदवी मेकॅनिकलची. त्यानंतर हातात पाना धरल्याचं आठवत नाही. ही पदवी माझ्या स्थळाच्या माहितीत ठळक छापलेली होती आणि साडूंनी ती नीट वाचली होती. त्यामुळे पहिला फोन मलाच आला. गॅरेजमधल्या कुठल्याही कामाला दोन माणसं लागतात : एक काम करणारा आणि एक बॅटरी भलतीकडेच धरणारा. दुसऱ्या जागेवर माझी बिनविरोध निवड झाली.

आता या क्लचचं प्रकरण काय असतं ते एकदा समजून घ्या, म्हणजे साडूंची दया येईल. स्लेडला गिअर नसतात. इंजिनाच्या क्रँकवर एक पुली असते, ती प्रायमरी. ट्रॅककडे ताकद नेणाऱ्या शाफ्टवर दुसरी, ती सेकंडरी. दोघींवरून एक जाड बेल्ट. प्रत्येक पुली म्हणजे समोरासमोर बसवलेल्या दोन उतरत्या चकत्या. चकत्या जवळ आल्या की बेल्ट वर चढतो, लांब गेल्या की खाली उतरतो. इंजिन जोरात फिरायला लागलं की प्रायमरीतली तीन वजनं बाहेर फेकली जातात आणि चकत्या एकमेकींकडे रेटतात. त्यांना थोपवायला एक स्प्रिंग. सेकंडरीत दुसरी स्प्रिंग आणि हेलिक्स नावाचा तिरक्या कडांचा एक तुकडा. चढ आला, भार वाढला की हा हेलिक्स सेकंडरीच्या चकत्या आवळतो आणि बेल्ट आपल्याकडे परत ओढतो. सामाईक बांधावरून दोन भावांचं चालतं तसंच हे. पाऊसपाणी चांगलं झालं की थोरला बांध टीचभर पलीकडे सरकवतो. अडचण आली की धाकटा तो परत अलीकडे आणतो. दोघं तुल्यबळ असले की शेत उत्तम पिकतं. एकाला बाहेरून कोणी फूस लावली की दोघांचंही वाटोळं. आफ्टरमार्केट क्लच किट म्हणजे ही बाहेरची फूस.

या सगळ्या खटाटोपाचं उद्दिष्ट मात्र एका वाक्यात सांगता येतं. अंगठा पूर्ण दाबल्यावर इंजिन ज्या आरपीएमला सर्वांत जास्त ताकद देतं, त्या आकड्यावर ते ठाम उभं राहिलं पाहिजे. साडूंच्या स्लेडसाठी हा आकडा ८२०० च्या घरात होता. त्याच्या वर गेलं तर इंजिन नुसतंच ओरडतं, खाली राहिलं तर कण्हतं. वजन कमी केलं की आरपीएम वाढतो, वजन वाढवलं की उतरतो. एवढंच. एवढ्याशा गोष्टीवर अमेरिकेत आणि कॅनडात माणसांनी आयुष्यं काढली आहेत. ओलाव आएन या विस्कॉन्सिनमधल्या गृहस्थांनी तर क्लच ट्यूनिंगवर आख्खी पुस्तिका लिहिली. साडूंनी ती मागवली आणि तिचं पारायण सुरू केलं. रोज रात्री एक अध्याय. ताईनं, म्हणजे माझ्या मोठ्या मेहुणीनं, एवढंच विचारलं, “उद्यापन कधी आहे? माणसं किती सांगायची ते आधी कळू दे.”

खरं तर पुणेकराला हे तत्त्व नवीन नाही. १९८४ साली कायनेटिक होंडा आली, तिच्यात हाच प्रकार होता. आजच्या ॲक्टिव्हातही आहे. फक्त तिथे वजनांच्या जागी छोटे रोलर. त्या स्कूटरवर आख्ख्या पिढीनं कॉलेज केलं, क्लास केले, लग्नं जमवली, पण आत काय फिरतंय ते झाकण उघडून फारसं कोणी पाहिलं नाही. कारण आपली गाडी हळू चालते असं पुण्याच्या माणसाला कधी वाटतच नाही. पुढचा मुद्दाम आडवा येतो असं वाटतं.

त्याच्याही आधी, १९५८ साली, हॉलंडमध्ये डाफ कंपनीनं आपल्या छोट्या मोटारीत असेच बेल्ट आणि पुल्या घातल्या होत्या. ती मोटार पुढे जितक्या वेगानं जायची तितक्याच वेगानं मागेही जायची. मग डच लोकांनी काय करावं? या मोटारींच्या उलट्या शर्यती लावल्या! माणसं माना मागे वळवून सुसाट उलटी धावताहेत आणि प्रेक्षक टाळ्या पिटताहेत. हा इतिहास मी साडूंना सांगितला. मला वाटलं, या यंत्राशी गंभीरपणे वागायचं नसतं हा बोध ते घेतील. ते म्हणाले, “म्हणजे बघा, बेल्टड्राइव्हमध्ये केवढं पोटेन्शियल आहे.”

मार्च सरला, बर्फ वितळलं. मला वाटलं, सुटलो. पण माझा अंदाज हिवाळ्यापुरता होता, आणि क्लचला ऋतू नसतो. विस्कॉन्सिनमधल्या ग्रँट्सबर्गला जुलै महिन्यात लोक तळ्याच्या पाण्यावरून स्लेड पळवतात. पाण्यावरून! वेग कमी झाला की स्लेड बुडते, इतका साधा नियम. सप्टेंबरात मिनेसोटात नॉर्थ ब्रँचला ‘हे डेज’ नावाची जत्रा भरते, तिथे गवतावर स्लेडच्या शर्यती होतात. बर्फाचा कण नाही, माणसं हाफ पँटमध्ये, आणि मैलभर पसरलेला जुन्या-नव्या सुट्या भागांचा बाजार. आम्ही बाजारात शिरलो. साडू क्लच बघत होते, मी सावली बघत होतो.

पर्याय इतके की मुलीला स्थळ बघणं सोपं. मिनेसोटातल्याच बॅगली गावच्या कारखान्याचे क्लच, आयडाहोचं किट, कॅनडाची ॲडजस्टेबल वजनं. या वजनांना बारीक भोकं असतात, त्यांत इवलेसे स्क्रू भरायचे. टोकाला भरले तर एक परिणाम, मधे भरले तर दुसरा, मुळाशी भरले तर तिसरा. स्प्रिंगा रंगीत. लाल, निळी, निळीवर पांढरा पट्टा, गुलाबी, जांभळी. एका कंपनीची जी निळी कडक, ती दुसऱ्या कंपनीची निळी मऊ. वर प्रत्येक स्प्रिंगला दोन आकडे : सुरुवातीला किती पौंड रेटा आणि शेवटी किती. हेलिक्सला अंशांचे दोन आकडे, कारण तो सुरुवातीला एका कोनात आणि पुढे दुसऱ्या कोनात कापलेला.

त्या रात्री साडू फोनवर कोणाशी तरी गंभीर आवाजात बोलत होते. “हो, एकशेचाळीस-तीनशेतीस. नाही, आधी एकशेवीस-तीनशेवीस होतं. वाढवायलाच हवं म्हणतो.”

ताई पोळ्या टाकून धावत बाहेर आली. “कोणाचं? ॲम्ब्युलन्स बोलावली का?”

साडूंनी कोणाकोणाला विचारलं नाही? दुकानातल्या पोरानं सांगितलं, वजन कमी करा. पेट्रोल पंपावरच्या एका दाढीवाल्यानं सांगितलं, वजन अजिबात हलवू नका, हेलिक्स बदला. मित्राच्या मेहुण्याचं मत होतं की सेकंडरीची स्प्रिंग हाच सगळ्या दुःखाचा उगम आहे. ज्याला विचारावं तो आधी खेदानं मान हलवणार, मग विचारणार, “आता काय घातलंय?” आणि उत्तर ऐकून म्हणणार, “तरीच!” भारतात ज्योतिषी, वैद्य आणि प्लंबर यांच्याकडून हा ‘तरीच’ मी ऐकलेला होता. समुद्र ओलांडला तरी त्याचा स्वर बदललेला नाही.

गावाबाहेर एक म्हातारा मेकॅनिक होता. त्यानं साडूंचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं, कॉफीचा घोट घेतला आणि विचारलं, “बेल्ट कधी बदललास?”

“बेल्टचा प्रश्न नाही,” साडू म्हणाले. “क्लचिंगचा आहे.”

“चकत्या पुसल्यास?”

“मी किटबद्दल विचारतोय.”

“किट विकायला माझ्याकडे चार आहेत,” म्हातारा म्हणाला. “पण आधी चकत्या पूस.”

साडूंनी त्याच्याकडून किटही घेतलं नाही आणि सल्लाही. फुकटचा सल्ला घेणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही.

किट आलं ते नेमकं दिवाळीच्या आठवड्यात. वजनं पाकिटावर लिहिल्याप्रमाणे खरोखर बासष्ट ग्रॅमची आहेत का, हा प्रश्न उपस्थित झाला. तिन्ही वजनं तंतोतंत सारखी असावी लागतात, नाहीतर हजारो फेऱ्यांना क्लच थरथरतो. हे शास्त्र बरोबर आहे. पण त्यासाठी जो ग्रॅमचा काटा घेतला तो ताईच्या ओट्यावरचा होता. एका बाजूला चकलीची भाजणी मोजायला थांबलेली, दुसऱ्या बाजूला ग्रीसनं माखलेली तीन लोखंडी बोटं काट्यावर पहुडलेली. साडू चष्मा कपाळावर चढवून आकडा वाचत होते. “एकसष्ट पूर्णांक आठ. दोन दशांशाचा घोळ आहे!” असं म्हणत त्यांनी समोरच्या ताटातली चकली उचलली. मग दुसरी. मग एक स्क्रू काढला, अर्धा ग्रॅम गेला, म्हणून समाधानानं बेसनाचा लाडू. मी ताईकडे बघितलं, ताईनं माझ्याकडे बघितलं. त्या रात्री क्लचमधून दीड ग्रॅम बाहेर गेलं. साडूंमध्ये किती आत गेलं ते मोजायला तो काटा पुरला नसता.

मग प्रत्यक्ष शस्त्रक्रिया. क्रँकच्या निमुळत्या टोकावर प्रायमरी इतकी घट्ट बसलेली असते की ती ओढून काढायला पुलर नावाचा लांब, कडक बोल्ट लागतो. तो आत फिरवत न्यायचा, ताण देऊन ठेवायचा आणि डोक्यावर हातोड्याचा नेमका एक ठोका द्यायचा. ठोका दिला. काही नाही. अजून ताण, अजून ठोका. काही नाही. साडू पाण्याचा घोट घ्यायला आत गेले आणि रिकाम्या गॅरेजमध्ये क्लच आपण होऊन ‘टाँग’ करून सुटला. मी दचकलो आणि बॅटरी बादलीत पडली. साडू बाहेर येऊन म्हणाले, “तुम्ही काय केलंत?” मी म्हणालो, “काही नाही.” ते म्हणाले, “तेच करत राहा.”

प्रायमरीच्या झाकणामागे स्प्रिंग दाबून बसवलेली असते. एकशेवीस पौंड, म्हणजे पन्नास किलोच्या वरचा रेटा. झाकणाचे बोल्ट आळीपाळीनं थोडे थोडे सैल करायचे असतात, हे पुस्तिकेत ठळक लिहिलेलं होतं. आम्ही तसंच करत होतो. शेवटच्या दोन बोल्टांपाशी घरातून हाक आली, “चहा घेताय का?” आणि साडूंनी उत्तर देण्यासाठी मान वळवली. पुढचं मी नीट सांगू शकत नाही. एक आवाज झाला, काहीतरी माझ्या कानाजवळून गेलं आणि फळीवर नीट बांधून ठेवलेल्या गणपतीच्या मखराच्या खोक्यात घुसलं. थर्माकोलचा एक खांब निखळला. चहा आत गेल्यावर मिळाला, पण त्याबरोबर बिस्किट नव्हतं.

सेटिंगच्या पहिल्या फेरीत साडूंनी सुरुवातीच्या रेट्याची कडक स्प्रिंग घातली. अशा स्प्रिंगनं बेल्ट उशिरा पकड घेतो, म्हणजे इंजिन आधी चांगलं तापतं, गुरगुरतं, आणि मग गाडी सुटते. ड्राइव्हवेवर पहिलं बर्फ पडलं तेव्हा चाचणी झाली. स्लेड आधी काहीच करत नव्हती. मग तिनं एकदम सगळं केलं. साडूंची कानटोपी होती तिथेच राहिली. ती मी उचलून दिली. शेजारची आजी खिडकीतून हात हलवत होती. तिला वाटलं, हा निघाला कायमचा.

खरी परीक्षा जानेवारीत तळ्यावर. बाहेर उणे वीस अंश. नियम असा की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत टिपायची. हा नियम जगातल्या प्रत्येक ट्यूनरला पाठ असतो आणि कोणीही पाळत नाही. साडूंनी वजन, स्प्रिंग आणि हेलिक्स एकदमच बदलले होते, “वेळ वाचवायला.” त्यामुळे आरपीएम चुकला तेव्हा तीन संशयित होते आणि तिघांकडेही पुरावा होता की मी नव्हतो.

बेल्ट पुलीवर किती वर चढतो हे पाहायची एक देशी युक्ती इथे सगळे वापरतात. चकतीवर मध्यापासून कडेपर्यंत मार्करनं काळी रेघ ओढायची, एक फेरी मारून यायची आणि रेघ किती पुसली गेली ते बघायचं. कडेपाशी बोटभर शाई उरली असेल तर बेल्ट तिथवर पोहोचलाच नाही. हजारो डॉलरचं यंत्र, अवकाशयानाच्या भाषेतली पुस्तिका आणि शेवटचा निवाडा पोरांच्या शाळेच्या मार्करवर! मला हा भाग फार आवडला. रेघ ओढायचं काम माझ्याकडे आलं आणि पदवी मिळाल्यानंतर प्रथमच इंजिनिअर असल्यासारखं वाटलं.

दुसरी चाचणी हाताची. फेरी मारून आल्या आल्या इंजिन बंद करून चकतीला हात लावायचा. हात सहज टेकवता आला तर ठीक. चटका बसला तर बेल्ट घसरतोय आणि तुमची अश्वशक्ती उष्णता होऊन निघून जातेय. मी हातमोजा काढला, बोट टेकवलं. गोठलेल्या तळ्याच्या मधोमध, उणे वीस अंशांत भाजलेला मी बहुधा पहिलाच मराठी माणूस. ताईकडे बरनॉल मागितलं तेव्हा तिला वाटलं मी फ्रॉस्टबाइटचं औषध चुकीचं सांगतोय.

वेग किती गाठला ते मात्र इथे लिहिता येणार नाही. मिनेसोटात ट्रेलवर आणि तळ्यांवर स्लेडची वेगमर्यादा ताशी ५० मैल आहे. साडूंची स्लेड शोरूममधून निघाली तेव्हाच ती सहज ओलांडत होती. म्हणजे जो वेग कायद्यानं वापरताच येत नाही त्यात आणखी दोन-तीन मैलांची भर घालण्यासाठी हा सगळा यज्ञ मांडलेला. हे मी एकदा हळूच बोलून दाखवलं. साडू म्हणाले, “वापरायचं कोण म्हणतंय? असायला पाहिजे.” घरातल्या चांदीच्या ताटांबद्दल माझ्या सासूबाईंचंही अगदी हेच म्हणणं आहे.

अखेर, एका दुपारी, काटा ८२०० वर जाऊन उभा राहिला. हलेना. साडूंनी वहीत आकडा लिहिला, खाली रेघ मारली, तारीख टाकली. डोळे पाणावले होते, थंडीनं असेल. पेढे वाटायचे तेवढे राहिले. आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांचा ग्रुप मोंटानातल्या कुक सिटीला निघाला.

कुक सिटी साडेसात हजार फुटांच्या वर आहे आणि स्लेडवाले तिथून आणखी वर चढतात. दर हजार फुटांना इंजिनाची ताकद साधारण तीन टक्क्यांनी उतरते, कारण हवा विरळ. मिनेसोटाच्या सपाटीला जुळवलेली वजनं तिथे जड पडतात. जो काटा ८२०० वरून हलत नव्हता तो आता ८२०० कडे बघतही नव्हता. संध्याकाळी मोटेलच्या आवारात दिवे लावून सगळे पुरुष एका रांगेत उकिडवे बसले होते, प्रत्येकाच्या स्लेडचं झाकण उघडं, प्रत्येकाच्या तोंडात एक स्क्रू आणि प्रत्येकाकडे शेजाऱ्यासाठी सल्ला. बायकांना घेऊन जायची पद्धत या सहलींना का नाही, ते मला तिथे कळलं. साडूंनी वजनं हलकी केली. परत आल्यावर ती पुन्हा जड करायची होती. वहीची नवी पानं.

सीझन संपता संपता तळ्यावर पुन्हा ती ऐतिहासिक शर्यत झाली. तोच मित्र, तीच त्याची कंपनीतून आली तशी स्लेड. झाकणसुद्धा न उघडलेली. साडूंच्या स्लेडमध्ये सहाशे डॉलरचं किट, दोनशेचा बेल्ट आणि एका मेकॅनिकल इंजिनिअरची बॅटरी. मी झेंडा म्हणून मफलर खाली केला. मित्र पुढे गेला. पण दोन स्लेड नाही, दीड.

“पाहिलंत?” साडू ओरडत आले. “अर्धी स्लेड भरून काढली!”

तेव्हा मित्र सहज म्हणाला, “आपण स्लेड बदलून बघू या का?” साडू त्याच्या स्लेडवर बसले, तो काडीपैलवान साडूंच्या स्लेडवर. मफलर खाली. मित्र पुढे! आणि या वेळी चांगला अडीच स्लेड.

बर्फावर मिनिटभर शांतता होती. मला वाटलं, आता सत्य उजाडलं. एवढ्या महिन्यांत कोणी न उच्चारलेला आकडा आता तळ्याच्या मध्यभागी उभा होता, आणि तो ग्रॅममध्ये नव्हता. साडूंनी हेल्मेट काढलं, मित्राच्या स्लेडभोवती एक प्रदक्षिणा घातली, वाकून झाकणाकडे पाहिलं आणि सहानुभूतीनं मित्राच्या खांद्यावर हात ठेवला.

“तुझ्याही स्लेडचं क्लचिंग चुकलंय,” ते म्हणाले. “पण काळजी करू नकोस. आम्ही आहोत.”

त्यातला ‘आम्ही’ मी होतो.

म्हणून ज्यांच्या घरी, नात्यात किंवा शेजारी स्लेड आहे अशा सर्व मराठी बांधवांना हात जोडून सांगतो. किट मागवण्याआधी बेल्टची रुंदी मोजा. झिजून अरुंद झालेला बेल्ट कोणत्याही स्प्रिंगला दाद देत नाही. चकत्यांवर बसलेलं काळं रबर पुसून काढा. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का आणि बेल्टला ढील किती आहे ते बघा. रोलर आणि बुशिंग खिळखिळे झाले असतील तर बदला. एवढं केल्यावर दहातल्या बहुतेक स्लेड मुकाट्यानं सुधारतात, आणि ते दुकानातला म्हातारा फुकट सांगतो म्हणून कोणी ऐकत नाही. आणि खरोखरच वजन कमी करायचं ठरलं, तर कुठलं ते घरातल्या बाईमाणसाला विचारा. क्लचमधलं एक ग्रॅम घटवायला पैसे, पाने, पुस्तिका आणि एक साडू लागतो. स्वतःचं एक किलो घटवायला दमडीही लागत नाही. पहिला धंदा जोरात चालण्याचं कारण नेमकं हेच आहे.